विरजणाची फ्लॉपी

दादा गेला तो दिवस मंगळवार होता. त्याने चहा घेतला, शर्ट घातला, पिशवी उचलली आणि बारामतीच्या एस.टी. स्टँडवर गेला. त्याला इंदापूरला यायचं होतं. तो बाकावर बसला. गाडी लागली तेव्हा तो उठला नाही.

पिशवी दोन दिवसांनी माझ्याकडे आली. तिच्यात टॉवेल होता, पाण्याची बाटली होती आणि एक फ्लॉपी होती. फ्लॉपीच्या चिकटपट्टीवर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘विरजण’. आणि खाली बारीक अक्षरात, ‘वास घेतला हाय’.

त्या फ्लॉपीचं मला पुढे जे काही करावं लागलं ते समजायला आधी दादाचं काम सांगावं लागेल. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत त्याने एका मित्राबरोबर कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. मी इंदापूरच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि आई माझ्याजवळ राहत होती. आमच्या भागात कालव्याचं पाणी चारीत, म्हणजे छोट्या पाटात, येतं आणि चारीवरून जमिनीच्या गटागटाला पाळीने मिळतं. चारीच्या सुरुवातीला सगळे हेड म्हणतात, शेवटाला टेल. पाळी टेलपासून सुरू होऊन शेजारून शेजारी सरकत हेडकडे येते, म्हणून तिला शेजपाळी म्हणतात. कुणाला किती वाजता पाणी सुरू, किती वाजता बंद, याच्या चिठ्ठ्या पूर्वी हाताने लिहीत. मग भांडणं होत. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या सोयऱ्याला पाणी जास्त, ही तक्रार दर उन्हाळ्याची.

दादाने या चिठ्ठ्या काढणारा प्रोग्राम लिहिला आणि पाणीसंस्थांना तसाच देऊन टाकला. नुसता चालणारा प्रोग्राम नाही, तर त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ. तो त्याला ‘उघडा प्रोग्राम’ म्हणायचा. ज्याला पाहिजे त्याने घ्यावा, वाचावा, सुधारावा, आणि सुधारलेला परत आणून द्यावा म्हणजे बाकीच्यांनाही मिळेल, एवढी एकच अट. परत आलेली सुधारणा तो वाचायचा आणि पटली तर आपल्या मूळ फ्लॉपीत घालायचा. त्या मूळ फ्लॉपीला तो विरजण म्हणायचा, आणि वाचण्याला वास घेणं. आई शेजारणीकडून आणलेलं विरजण दुधात घालण्याआधी नाकाशी धरायची, त्यावरून.

टेलचे एक तात्या होते. त्यांना हा प्रोग्राम फार आवडला होता. पहिल्या उन्हाळ्यात ते चिठ्ठी घेऊन माझ्या शाळेत आले आणि व्हरांड्यात उभं राहून मोठ्याने म्हणाले, “बाई, तुमच्या भावानं लई ब्येस केलं. मशीनला सोयरं न्हाय.”

दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी याच तात्यांनी बूथवरून क्लासवर फोन केला होता. चिठ्ठीप्रमाणे पाणी घेऊनही शेतातल्या शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतायत, आणि शेजाऱ्याचंही तसंच आहे. हे मला दादाच्या मित्राने सांगितलं. क्लासमध्ये सगळे त्याला सर म्हणत, मीही म्हणायची. सर म्हणाला, “तो म्हणाला उद्या जाऊन बघतो. फोन ठेवल्यावर बराच वेळ काही बोलला नाही.”

मला ते शेवटचं वाक्य ऐकायचं नव्हतं.

दादाचे दिवस झाल्यावर मी शाळेत जायला लागले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. टेलच्या लोकांनी घड्याळ लावून चिठ्ठ्या ताडून पाहिल्या होत्या. क्षेत्राच्या हिशेबाने जेवढं पाणी यायला हवं त्याहून प्रत्येक चिठ्ठीत थोडं थोडं कमी होतं. एवढं थोडं की एकट्यादुकट्याला कळू नये. आणि हेडच्या काही गटांत तेवढंच जास्त. हिवाळ्याच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. फरक फक्त उन्हाळ्यात पडत होता, पाण्याची किंमत असते तेव्हा.

स्टँडवर एक ओळखीचा माणूस दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, “पाप फुटायची येळ आली आन् काळीज फुटलं.”

मी गाडीत बसले. घरी आल्यावर आईला काही सांगितलं नाही. पण ‘पाप’ हा शब्द माझ्याबरोबर आत आला होता. दादा गप्प का झाला? फ्लॉपी घेऊन तो चूक शोधायला निघाला होता की झाकायला? मी असा विचार करते आहे याचीच मला भीती वाटायची. पोळी लाटताना, वर्गात फळ्यावर लिहिताना, मधेच हात थांबायचा.

तात्या घरी आले. चहा घेतला नाही. पायरीवरच बसले.

“पुढची पाळी आठवड्यावर आली,” ते म्हणाले. “चिठ्ठ्या कशावर काढायच्या? मीटिंग लावलीय. हेडच्या संस्थेचं चेअरमन म्हणत्यात, ह्यो उघडा प्रोग्राम फेकून द्या, कंपनीचा इकत घ्या. झाकलेला. कुणाचा हात जायला नगं.”

“तात्या, तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं? मी म्हनलं हुतं मशीनला सोयरं न्हाय.” ते जमिनीकडे बघत होते. “मशीनला न्हाय, पर लिहिणाऱ्याला असत्यात की, बाई.”

दादाला हेडकडे कुणी सोयरे नव्हते. मी तसं म्हणाले. तात्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

रविवारी मी बारामतीला गेले. प्रोग्राम तपासायला गेले होते असं नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला दादाने लिहिलेलं काहीतरी घरी ठेवायचं होतं. तो पत्रं लिहीत नसे. त्याचं लिखाण म्हणजे तो प्रोग्रामच. मी सरला म्हटलं, मला तो कागदावर छापून दे.

सरने फ्लॉपी घातली. क्लासवर दोन प्रिंटर होते. नेहमीचा अरुंद कागदाचा बिघडला होता, म्हणून त्याने मोठा लावला, ज्याच्यावर रुंद, हिरव्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला कागद लागतो. मशीन करकरत राहिलं. मी कागद घडीघडीने हातात घेत होते आणि वाचत होते.

आणि मला दादा ऐकू यायला लागला.

अक्षरं इंग्रजी होती, पण बोलणं आमच्या घरातलं. बाकीचे लोक खरं-खोटं यासाठी इंग्रजी शब्द लिहितात. दादाने अगदी वर, पहिल्याच पानावर, सांगून ठेवलं होतं की हाय म्हणजे एक आणि न्हाय म्हणजे शून्य. पुढे सगळीकडे तेच. पाळी संपली हाय. पाणी बंद न्हाय. हितं थांब. तितं जा. मी कॉलेजात जाऊन ‘आहे’ म्हणायला लागले तेव्हा तो मला चिडवायचा, “आली पुण्याची पाहुणी. आहे म्हणे, आहे. एक मात्रा जास्त लागती त्याला, पोट भरंल का त्येनं?” तो शेवटपर्यंत बदलला नाही. मशीनशीसुद्धा तो असाच बोलत होता.

मी वाचता वाचता कागदाच्या उजव्या कडेला पोचले. तिथे, मोठ्या कोऱ्या जागेच्या पलीकडे, काहीतरी छापलं होतं.

“सर, हे इतकं लांब का लिहिलंय?”

सर वाकला. त्याने स्क्रीनवर तेच पान काढलं. स्क्रीनवर ती ओळ मधेच संपत होती. त्याने बाण दाबत उजवीकडे न्यायला सुरुवात केली. कोरं, कोरं, कोरं. मग ती अक्षरं आली. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याने दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

“हे स्क्रीनच्या बाहेर लिहिलंय,” तो म्हणाला. “कुणी वाचेल त्याला ओळ संपली असंच वाटणार. मशीनला मात्र सगळी ओळ वाचावीच लागते.”

अशा काही ओळी निघाल्या. त्यांचा अर्थ सरने मला सांगितला तो असा: उन्हाळा असेल आणि गट टेलचा असेल तर वेळ थोडी काप, आणि कापलेली अमुक अमुक गटांना दे. त्या ओळी सगळ्या एकाच जागी होत्या, चिठ्ठी छापण्याच्या भागात. तो भाग दादाचा नव्हता. नवीन प्रिंटरवर चिठ्ठी नीट यावी म्हणून हेडच्या संस्थेच्या ऑपरेटरने हिवाळ्यात तो सुधारून परत दिला होता. सुधारणा खरंच चांगली होती. दादाने ती वाचली, हिवाळ्याच्या पाळीवर चालवून बघितली, बरोबर आली, आणि विरजणात घातली. वास घेतला हाय.

सर म्हणाला, “पण हे मी म्हणतो. मीटिंगमध्ये कोण ऐकेल? फ्लॉपी त्याची, वास घेतल्याचा शिक्काही त्याचा.”

मी कागद परत डोळ्यांसमोर धरला. कडेच्या ओळीत एक शब्द होता, जो बाकी कागदात कुठेच नव्हता.

“सर, हे काय आहे?”

“कुठलं?”

“हा शब्द. आहे. इथे ‘हाय’ नाही, ‘आहे’ लिहिलंय.”

ते आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं. लपवलेल्या ओळींत आधी ‘आहे’ म्हणजे एक असं वेगळं सांगितलं होतं आणि मग उन्हाळा आहे का, टेल आहे का, असं विचारलं होतं. दादाचा हाय तयार असताना. ज्याने लिहिलं त्याला हाय हा शब्द लिहिणं जमलं नसावं, किंवा ती शुद्धलेखनाची चूक वाटली असावी.

परतीच्या गाडीत मी कागदाची गुंडाळी मांडीवर धरून बसले होते. मला हलकं वाटायला हवं होतं. इंदापूर यायच्या आधीच पुढची भीती आली. एक सापडलं म्हणजे दुसरं नाही असं कुठे आहे? रुंद कागदाच्याही बाहेर काही असेल तर? आणि कुणी म्हणालं की दादानेच मुद्दाम ‘आहे’ लिहिलं, ओळखू येऊ नये म्हणून, तर मी काय सांगणार होते? शब्द हा पुरावा होतो का? मी मराठीची शिक्षिका होते, मला तो पुरावा वाटत होता. पाण्यावरून भांडणाऱ्या माणसाला का वाटावा?

घरी आई ओट्याशी उभी होती. सुतकाच्या दिवसांत घरात दूध तापलं नव्हतं, दह्याचं भांडं रिकामं होऊन वाळलं होतं. तिने माझ्या हातात वाटी दिली. “जा, शेजारणीकडनं विरजण आण.”

“आपलं संपलं का सगळं?”

“आपलं नासलं नायतर संपलं, तर ज्येला दिलं त्येच्याकडनं आणायचं. तिच्याकडं हाय ते आपलंच हाय की.”

मी वाटी घेऊन पायरीपर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. मग विरजण आणलं, आईला दिलं, आणि बूथवर जाऊन सरला फोन केला. दादाने ज्यांना ज्यांना फ्लॉपी दिली त्यातल्या कुणी छपाईची सुधारणा घेतलीच नाही, असं कोण आहे?

सरला आठवायला वेळ लागला. शेळगावच्या बाजूची एक लहान संस्था होती. त्यांचा प्रिंटर जुनाच होता, म्हणून त्यांना सुधारणा लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिथे गेले. सचिवाने लोखंडी कपाट उघडलं. फ्लॉपी उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यात जपून ठेवलेली होती. वर दादाचंच अक्षर होतं. ती देताना ते म्हणाले, “परत आणून द्या बरं का. आमच्या चिठ्ठ्या बरोबर येत्यात.”

आमच्या चिठ्ठ्या बरोबर येतात. त्या वाक्यावर मी मीटिंगपर्यंतचे दिवस काढले.

सरने तीही रुंद कागदावर छापली. त्यात कडेला काही नव्हतं. छपाईचा भाग सोडला तर दोन्ही कागद ओळीला ओळ सारखे होते. शेळगावच्या कागदात ‘आहे’ कुठेही नव्हतं.

मीटिंग देवळासमोरच्या सभामंडपात झाली. हेडचे चेअरमन पंख्याखाली बसले होते. टेलची माणसं खांबांना टेकून. मी दोन्ही कागद फरशीवर लांब पसरले. वाऱ्याने उडायला लागले तशी लोकांनी कडांवर चपला ठेवल्या.

“ह्ये काय, जेवणाची पंगत मांडलीय का?” कुणीतरी म्हणालं. थोडे हसले.

सरने कडेच्या ओळी दाखवल्या आणि त्या काय करतात ते सांगितलं. चेअरमननी घसा खाकरला.

“आमच्या ऑपरेटरकडं बोट दावताय. त्यो तर सोडून गेला मुंबईला. गेलेल्या माणसावर काय बी ढकलावं.”

“गेलेल्या माणसावर तुमीच ढकलताय की चेअरमन,” तात्या म्हणाले. “आमचा तर लईच लांब गेला.”

“म्या काय कॉम्प्युटर खाल्लाय व्हय? मला त्यातलं कळत न्हाय.”

“पाणी खाल्लंया. त्ये कळतंय.”

आवाज चढले. मला मोठ्याने बोलता येत नाही. मी कागदाशी बसले आणि वर्गात वाचते तसं वाचायला लागले. हाय. न्हाय. हितं थांब. तितं जा. पाणी बंद न्हाय. पाळी संपली हाय. बोलणं हळूहळू थांबलं. तात्या पुढे येऊन उकिडवे बसले. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण ते माझ्या बोटामागे बघत होते.

“ह्यो तर बोलतोय,” ते म्हणाले.

मग मी कडेची ओळ वाचली. उन्हाळा आहे. टेल आहे.

मग मागून एकजण म्हणाला, “मग बाई, ‘आहे’ तर तुमीच म्हनता. तुमीच लिवलं असंल!”

सगळे हसले. मीही हसले, दादा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि हसता हसता मला रडू आलं. लोक इकडेतिकडे बघायला लागले. तेवढ्यात शेळगावकडचे सचिव उठले; त्यांना मी बोलावून घेतलं होतं. ते आमच्यात कुणाचे नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं की हाच प्रोग्राम सुधारणेआधीचा त्यांच्याकडे आहे, त्यांच्या टेलला पाणी पुरतं, आणि पाहिजे त्याने येऊन घड्याळ लावून बघावं.

चेअरमन म्हणाले, “ते असू द्या. पर पुढं परत असं कुणी घातलं तर? म्हणून म्हणतो, झाकलेला घ्या.”

सर म्हणाला, “झाकलेल्यात घातलं असतं तर हा कागदच निघाला नसता.”

“आन् झाकण ठेवलं म्हंजी दही नासत न्हाय व्हय?” तात्या म्हणाले.

चेअरमनचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. उघडा होता म्हणून सापडलं, हे खरं. उघडा होता म्हणून घालता आलं, हेही खरं. आणि वाचणारा एकटा होता. दादा सगळ्यांचं एकटाच वाचत होता, क्लास सुटल्यावर, दमलेला. तसं मी म्हणाले. त्या दिवशी एवढंच ठरलं की पुढची पाळी शेळगावच्या फ्लॉपीवरून काढायची. आणि यापुढे कुणाचीही सुधारणा विरजणात घालायची तर आधी रुंद कागदावर छापायची आणि दोघांनी मिळून मोठ्याने वाचायची, कागदाच्या कडेपर्यंत. दोघांतला एक टेलचा असावा, हे तात्यांनी घालून घेतलं.

पाळी आली. तात्यांच्या शेवटच्या सऱ्या भिजल्या. निरोप द्यायला ते शाळेत आले, पण या वेळी मशीनबद्दल काही बोलले नाहीत.

हेडच्या संस्थेने झाकलेला प्रोग्राम घेतला. त्या ओळी कोणी लिहिल्या, ऑपरेटरने की त्याला कुणी लिहून दिल्या, ते कधी कळलं नाही. स्टँडवर तसं बोलणारा माणूस मला नंतरही भेटत राहिला आणि नमस्कार करत राहिला. आणि फोन ठेवल्यावर दादा गप्प का झाला, तेही कळलं नाही. मला वाटतं, आपण नीट वाचलं नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. हे मला वाटतं. मला माहीत नाही.

टेलच्या एकाला सोबत घेऊन मी आणि सर बरीच वर्षं ते वाचन करत होतो. तो प्रोग्राम आता कुठल्याही चारीवर चालत नाही. शेळगावची फ्लॉपी मी परत दिली. दादाची माझ्याकडे आहे. ती घालायला मशीन नाही. रुंद कागदाची गुंडाळी आहे. तिच्यावर ‘हाय’ आहे, ‘न्हाय’ आहे, आणि उजव्या कडेला एक ‘आहे’, ज्याच्याखाली मी तांबड्या पेनाने रेघ ओढली आहे.